बीपीची गोळी सोडून कॅप्सूल? थांबा!

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज असा: 'गरोदरपणातला बीपी पोटातल्या जंतूंमुळे होतो. प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतूंची) कॅप्सूल घ्या, गोळ्या सोडा. बाळाला मधातून जनमघुटी द्या, आईचे बिघडलेले जंतू त्याला बाधणार नाहीत.'

पोटाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं. प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही इजा करणारा आजार) झालेल्या बायकांच्या आतड्यात अक्करमॅन्सियासारखे उपयोगी जंतू कमी आढळलेत. त्यांच्या शौचातले जंतू उंदरांच्या माद्यांत सोडल्यावर गाभणपणी त्यांचा रक्तदाब चढला, हेही 2020 साली छापून आलंय. पण आजाराचं मूळ वारेत (प्लासेंटात) आहे: गर्भाशयाच्या धमन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं.

कॅप्सूलचं तर उलटंच निघालं. गरोदरपणातला मधुमेह टाळायला प्रोबायोटिक दिलेल्या 4 चाचण्यांत (955 बायका) प्रीएक्लॅम्प्सिया कमी न होता जवळपास 1.85 पट झाला. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2021 चा आढावा आहे हा. घरच्या दह्याची वाटी म्हणजे ही कॅप्सूल नव्हे, ती खुशाल खा.

'गोळ्या सोडा' हे सगळ्यात घातक. बीपीच्या गोळ्या मनाने सोडू नका. शिवाय हा आजार टाळायला जोखीम असलेल्यांना डॉक्टर 12 व्या आठवड्यापासून, शक्यतो 16 व्याच्या आत, 75 ते 150 मिलिग्रॅम अॅस्पिरिन सुरू करतात. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लोहाच्या गोळीसोबत नको. (मीठ तोडून हा आजार टळत नाही, तेव्हा पोह्यांवरच्या शेवेला उगाच बोल लावू नका.)

बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, बोलू नका. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. 140/90 आला तर त्याच दिवशी दाखवा. 160/110, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, यांत तासभरही थांबू नका. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही हे उद्भवतं.

आता बाळ. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आयांच्या बाळांच्या जंतूंत फरक दिसतो खरा, पण त्यात लवकर झालेली डिलिव्हरी, सिझेरियन, अँटिबायोटिक आणि एनआयसीयूतले (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले) दिवस यांचा वाटा वेगळा काढणं अवघड. मधात बोट्युलिझमचे (बाळाला लुळं पाडू शकणाऱ्या विषबाधेचे) बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आत चाटणसुद्धा नको. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला प्रोबायोटिक थेंबही मनाने देऊ नका, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग झालेला आहे.

द्यायचं ते आईचं दूध. त्यातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपयोगी जंतूंचं खाणं असतात. लॅबेटालॉल, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या चालू असतानाही पाजता येतं. बाळ एनआयसीयूत असेल तर पहिल्या तासा-दोन तासांतच हाताने चीक काढायला लागा, मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही. जेवढा निघेल तेवढा सिस्टरकडे द्या.