ट्रॅक सॉला लेझर नाही म्हणून दोन स्टार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून ट्रॅक सॉ (लांब पट्टीवरून, म्हणजे ट्रॅकवरून, सरकत सरळ कापणारं मशीन) आणि १४०० मिमीचे दोन ट्रॅक नेलेत. एवढ्या महाग मशीनला कटाची रेघ दाखवणारा लेझर नाही, चार-पाच हजारांच्या सर्क्युलर सॉलाही तो येतो, दुकानदार ‘गरज नाही’ म्हणाला म्हणजे जुना माल खपवतोय, आणि वॉर्डरोबच्या आठ फुटी शटरला मधे २ मिमी पोट आलं ते लेझर नसल्यामुळेच, असं तुमचं म्हणणं.

‘गरज नाही’ म्हणणारा मीच. आजही तेच म्हणेन, फक्त काउंटरवर गर्दीत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर सांगतो.

जुन्या मॉडेलचा विषय आधी संपवू. मकिताची एसपी ६०००, बॉशची जीकेटी ५५, फेस्टूलची टीएस ५५, या ट्रॅक सॉपैकी एकीलाही लेझर नाही. फेस्टूलने नंतर टीएस ६० काढली, तिच्यातही नाही. लेझर काही महाग वस्तू नाही, द्यायचाच असता तर या कंपन्यांनी कधीच दिला असता.

साध्या सर्क्युलर सॉला तो का देतात? ते मशीन मोकळं असतं. मिस्त्री हाताने रेघेवर चालवतो, गार्डमुळे ब्लेड नीट दिसत नाही, भुशाखाली मार्किंग जातं. तिथे पुढे पडलेली लाल रेघ कामाला येते, मशीन सरकलं तर हात वळवून सावरता येतं. ट्रॅक सॉच्या तळाची खाच ट्रॅकच्या उंचवट्यावर बसलेली असते. कट कुठून जाणार हे ट्रॅक ठेवला तेव्हाच ठरलं. आता समजा लेझरने दाखवलं की कट खूण सोडून चाललाय. तुम्ही करणार काय? रेल्वेच्या इंजिनाला स्टिअरिंग बसवल्यातला प्रकार आहे हा.

आणि रेघ दाखवायची सोय ट्रॅकवर आहेच. कडेला रबरी पट्टी असते, नवी असताना ती जरा बाहेर आलेली असते. पहिल्यांदा मशीन फिरवलं की तुमचंच ब्लेड ती कापून घेतं. त्यानंतर पट्टीची कड तीच कटाची कड. दोन टोकांच्या खुणांवर ती टेकवली की काम झालं. बारीक पेन्सिलची खूण अर्ध्या मिलिमीटरची असते. स्वस्त मशीनवरच्या लेझरची रेघ त्याहून जाड, भर उजेडात दिसत नाही, मशीन एकदा हातातून आपटलं की सरकलेली. मिमीचा हिशोब करणाऱ्या कामात मी तिच्यावर विसंबणार नाही.

तरी शटरला पोट आलं, ही तुमची तक्रार खरी आहे. प्लायचा शीट २४४० मिमी लांब. तेवढ्याला तुम्ही दोन ट्रॅक जोडलेत. (३ मीटरचा एकच ट्रॅक घ्यावा असं सगळ्यांना वाटतं, पण तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा राहत नाही.) फोटो झूम करून बघितला. पोट शटरच्या बरोबर मधे, म्हणजे जोड आला असणार तिथेच आहे. माझा संशय जोडावर आहे, आणि तो इथूनच सांगतोय, ट्रॅक हातात घेतल्याशिवाय शपथेवर नाही.

बहुतेक जण काय करतात, तर दोन्ही ट्रॅकची टोकं एकमेकांवर घट्ट दाबतात आणि आतल्या जोडपट्टीचे (दोन ट्रॅक जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचे) स्क्रू आवळतात. ट्रॅकची कापलेली टोकं दर वेळी काटकोनात असतीलच असं नाही. ती भिडवली की टोकाचा जरासा तिरकेपणा पूर्ण लांबीला मिळतो आणि जोडावर कोन येतो. म्हणून टोकांमध्ये नख जाईल एवढी फट ठेवायची. सरळपणा टोकांवरून नाही, कडेवरून बघायचा. दोन्ही ट्रॅकच्या कडेला ॲल्युमिनियमची लांब, खात्रीची पट्टी लावायची, ती सगळीकडे टेकली की मग स्क्रू आवळायचे, तेही एका बाजूने एकदम नाही, आलटून पालटून. जास्त आवळले तर जोडाजवळ ट्रॅक वर उचलला जातो, मशीन तिथून जाताना अडखळतं. हात लावला तरी कळतं.

तपासायला लेझर लागत नाही. जोडलेला ट्रॅक शीटवर ठेवा, धातूच्या सरळ कडेला पेन्सिल लावून पूर्ण लांबीची रेघ ओढा. मग ट्रॅक उलट दिशेला फिरवून रेघेच्या पलीकडे ठेवा, तीच कड त्याच दोन टोकांवर टेकवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर जोड सरळ. मधे फट दिसली तर जेवढी फट त्याच्या निम्मी चूक. शटरला २ मिमी पोट असेल तर तुम्हाला तिथे ४ मिमी फट दिसेल, डोळ्यांत भरेल इतकी.

नवं काहीच नको, असं माझं म्हणणं नाही. किचनमध्ये हॉबसाठी (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी) चौकोन कापताना ब्लेड मधेच खाली उतरवावं लागतं, कट कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला ते दिसत नाही. कव्हरवर त्यासाठी खुणा असतात, पण त्या वाचायला वाकावं लागतं. तिथे दिवा दिला तर मी पहिला विकेन. मायटर सॉवर (कोनात कापायच्या मशीनवर) डीवॉल्टने केलंय तसं, दिव्याने ब्लेडचीच सावली लाकडावर पाडायची. ब्लेड बदललं तरी सावली त्याच ब्लेडची, सेटिंगची भानगड नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किकबॅक, म्हणजे ब्लेड अडकून मशीन उसळणं. फेस्टूलच्या टीएस ६०मध्ये मशीन ट्रॅकवरून उसळलं की ब्लेड थांबतं. ग्राहकाने जास्तीचे पैसे मोजावेत तर अशा गोष्टीला. आपल्याकडे अजून कितीतरी साइटवर मार्बल कटरला ४ इंची लाकडाचं ब्लेड लावून प्लाय फाडतात, मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांचं मशीन, मागे रायव्हिंग नाईफ (कापलेली फट मिटून ब्लेड अडकू नये म्हणून असणारं पातं) नाही. त्या मिस्त्रींना मी ट्रॅक सॉ दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न लेझरचाच येतो, म्हणून तुमचा राग आला नाही.

दोन स्टार राहू देत, त्यावर माझी हरकत नाही. मशीन परत करायचं असेल तर बिल घेऊन या, वाद घालणार नाही. पण त्याआधी एकदा दोन्ही ट्रॅक, जोडपट्ट्या आणि मशीन घेऊन दुकानात या. मागच्या बाजूला ८ बाय ४ चा टेबल आहे, तिथे जोड लावून तुमच्याच मिस्त्रींच्या हातून एक शीट कापून बघू, प्लाय आमचा. येताना ब्लेड बदलू नका, आत्ता लावलंय तेच असू द्या. मधे दुसऱ्या जाडीचं लावलं असेल तर रबरी पट्टीची कड आता कटाशी जुळत नसेल, आणि तेही तिथेच बघून घेता येईल. दुपारी २ ते ४ गर्दी कमी असते.