पेपर मोजून अर्थशास्त्राचा मास्तर मिळत नाही

भरतीचा हंगाम आला की सोलापुरातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. सार असं: ‘बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवायलाही आता पीएचडी लागतेच. ज्याचे पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, जास्त त्याला घ्या, डेमो लेक्चर म्हणजे देखावा. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा कुणीही काढतो. आणि शेवटी सगळं पैशावरच ठरतं.’

पीएचडीचं आधी उरकू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीनुसार महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरे. सक्ती येणार होती ती विद्यापीठांच्या विभागांत. तीही पुढे ढकलत ढकलत २०२३ साली रद्द झाली.

पेपरांची गंमत वेगळी. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला त्याच नियमावलीत १०० गुणांचा तक्ता आहे. महाविद्यालयांच्या तक्त्यात शोधनिबंधांना मिळून ६ गुण, एकाला २. म्हणजे चौथ्या पेपरला भोपळा! पदवीच्या टक्क्यांना मात्र २१पर्यंत. विद्यापीठांच्या तक्त्यात हेच आकडे १० आणि १५. शिवाय त्या नियमावलीनुसार हे गुण बोलावण्यापुरतेच, निवड मुलाखतीवर. तरी पैसे भरून छापलेल्या जर्नलांचे गठ्ठे बगलेत मारून लोक येतातच.

आता डेमो. वर्गात व्याख्यान घ्यायला लावून उमेदवार पारखण्याची वाट त्याच नियमावलीने दाखवली आहे, आणि आपल्याकडे तिची गरज जास्त. घरी तेलुगू बोलणारी पूर्व भागातली मुलं, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, आणि पुस्तक सगळ्यांना मराठी. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. अशा वर्गात एका उमेदवाराने मागणीची लवचिकता, म्हणजे दर बदलला की मागणी किती हलते ते, सफरचंदांवर शिकवली. रेषा सुरेख. मागून प्रश्न आला, ‘सर, सूत महागलं तरी टॉवेलवाला दर का वाढवत नाही?’ गडी म्हणाला, ‘ते सिलॅबसमध्ये नाही.’ पुढच्या उमेदवार बाईंच्या नावावर एकही पेपर नव्हता. त्यांनी तोच प्रश्न धरला. ‘तू दर वाढवलास तर गिऱ्हाईक कुठं जाईल?’ पोरगं म्हणालं, ‘शेजारच्याकडं.’ तिथून त्यांनी लवचिकता फळ्यावर आणली.

कुणीही शिकवतो म्हणणाऱ्यांनी एवढंच समजावून द्यावं: दुष्काळी जिल्ह्यात ऊस का वाढतो? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे, घेणारा कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा मिळेलच याची खात्री नाही. आणि उजनी धरणाच्या पाण्याची खरी किंमत शेतकऱ्याच्या हिशेबात धरलीच जात नाही. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर धावपळ करणाऱ्याला हे सवडीने उलगडायला वेळ कुठला?

राहिला पैसा. चहाच्या गाड्यावर नेमणुकीच्या ‘रेट’ची चर्चा मीही ऐकतो, तो मुद्दा मी खोडणार नाही. पण म्हणून डेमो बंद करा, हे उफराटं झालं. बंद खोलीतल्या मुलाखतीच्या दहा मिनिटांत काय घडलं ते कुणाला कळत नाही. चाळीस पोरांसमोर कोण अडखळलं, ते संध्याकाळपर्यंत नवी पेठेच्या बाजारात पोचलेलं असतं.