एवढा मोठा आरसा पुसतात कसा?

आज संध्याकाळी एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात पाचवी-सहावीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "एवढा मोठा आरसा पुसतात कसा?" पडद्यावर चिलीत उभ्या राहणाऱ्या ईएलटीचं, म्हणजे एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप या महाकाय दुर्बिणीचं, चित्र होतं. "त्याला मशिन्स असतात, बाळा," एवढं बोलून निवेदकांनी पुढची स्लाइड लावली. जगातल्या सगळ्या महाकाय दुर्बिणी, उतरत्या क्रमाने, व्यास मीटरमध्ये. टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

घरी आल्यापासून डोकं तापलंय. दीड तासात दुर्बीण चालते कशी याबद्दल तेवढा एकच प्रश्न आला होता, आणि तोच झटकून टाकला.

मुळात प्रश्न किती नेमका आहे बघा. ईएलटीचा मुख्य आरसा ३९ मीटरचा, पण तो एकसंध नाही. ७९८ षटकोनी तुकडे, प्रत्येक साधारण १.४ मीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड. जागा सेरो आर्माझोनेस, उंची ३०४६ मीटर, अटाकामाचं वाळवंट. कोरडी हवा हवी म्हणून तिथे गेले, आणि कोरडं म्हटलं की धूळ आलीच. आरशाचं क्षेत्रफळ सुमारे ९८० चौरस मीटर. धुळीने त्यातला फक्त एक टक्का प्रकाश खाल्ला तर जवळपास दहा चौरस मीटर गेले. उत्तराखंडात देवस्थलला आपली ३.६ मीटरची दुर्बीण आहे ना, तिचा अख्खा आरसा साधारण तेवढाच भरतो! शिवाय ईएलटीत प्रकाश एकामागून एक पाच आरशांवरून जातो. प्रत्येकाने एकेक टक्का खाल्ला की पाच टक्के गेले. अवरक्त (इन्फ्रारेड) निरीक्षणात तर दुहेरी मार बसतो, कारण धूळ स्वतःच उष्णता फेकते आणि अंधूक तारा त्या उजेडात बुडतो.

मग पुसायचं कसं? पुसायचं नाहीच. फडका लावला की धुळीतले कण काचेवरच्या चकचकीत धातूच्या मुलाम्यावर ओरखडे काढतात. मोठ्या वेधशाळांत दुर्बीण क्षितिजाकडे झुकवतात आणि द्रवरूप कार्बन डायऑक्साइड नळीतून आरशावर सोडतात. बाहेर पडताच त्याचा भुसभुशीत बर्फ होतो, तो काचेवरून घसरताना धूळ सैल करून खाली नेतो आणि हवेत विरून जातो. पाण्याचा थेंब नाही, हाताचा स्पर्श नाही. मात्र हवेत ओल असेल तर हे करायचं नाही, गार काचेवर दव धरतं आणि धुळीचा चिखल होतो. पक्ष्याची विष्ठा, तेलाचे डाग, वाळलेले थेंब या बर्फाने निघत नाहीत. त्याला पाण्याने धुणंच लागतं.

आणि धुऊनही एक दिवस मुलामा थकतो. काचेवरचा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा चांदीचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका असतो. चिलीतल्याच पारानाल वेधशाळेतल्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) दुर्बिणींचे ८.२ मीटरचे आरसे, एकेक २० टनांहून जड, साधारण दीड-दोन वर्षांनी दुर्बिणीतून काढतात, गाडीवर ठेवून खालच्या इमारतीत नेतात, जुना थर रसायनांनी उतरवतात, धुतात, वाळवतात आणि निर्वात टाकीत नवा थर चढवतात. यातलं प्रत्येक पाऊल धोक्याचं. २० ऑक्टोबर २०२२ ला हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीचा आरसा चांदी उतरवण्यासाठी हलवताना धुण्याच्या गाड्यावरच्या भूकंप-आधाराला टेकला आणि कडेचा टवका उडाला. नशीब की टवका प्रकाश गोळा करणाऱ्या भागाबाहेर होता. तरीही दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळायला मे २०२३ उजाडला. एक टवका, सात महिने. त्या मुलीला हे सांगितलं असतं तर सभागृहात चिटपाखरू हललं नसतं.

व्यासांचा उत्साह वाईट नाही, मान्य. लोकांच्या डोळ्यांत चमक आल्याशिवाय सरकारं पैसे सोडत नाहीत. पण नंतर चहाच्या वेळी जो तो विचारत होता, "आपली एवढी मोठी कधी?" तीस मीटरच्या टीएमटीत, म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोपच्या प्रकल्पात, आपण २०१४ पासून भागीदार आहोत, बंगळुरूची आयआयए, पुण्याची आयुका आणि नैनितालची एरीज या खगोलसंस्थांमार्फत. तिच्या आरशाच्या ४९२ तुकड्यांपैकी काहींना आकार देण्याची कार्यशाळा बंगळुरूजवळ होसकोट्याला आहे. ती पद्धत काय सुंदर आहे! हवा तो वेडावाकडा आकार थेट घासून काढणं महाकठीण. म्हणून गोल चकतीला कडेने मोजूनमापून ताण देऊन वाकवतात, वाकलेल्या अवस्थेत साध्या गोलीय आकारात घासतात, आणि ताण सोडला की काच स्वतःच हव्या त्या आकारात उसळते. मग षटकोन कापायचा. कापल्यावर आकार किंचित बिघडतो, तो आयनांच्या झोताने सुधारायचा. ही युक्ती हवाईच्या केक दुर्बिणीसाठी निघाली. पुण्यात बसून "आपली कधी" विचारणाऱ्यांना हे ठाऊकच नाही, कारण सांगणाऱ्यांनी फक्त व्यास सांगितला. टीएमटीची जागा आणि अमेरिकेचा पैसा दोन्ही अडलेत हेही खरं, आणि ती जिथे उभी राहायची त्या हवाईतल्या मौना केआ पर्वतासाठी मूळ हवाईयन लोकांनी केलेला विरोध खोटा म्हणता येत नाही.

देखभाल कंटाळवाणी वाटते ना? मग प्वेर्तो रिकोतली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण आठवा. ३०५ मीटरची थाळी, १९६३ पासूनची. शेवटच्या काळात वर्षानुवर्षं निधीची ओढाताण. १० ऑगस्ट २०२० ला एक साहाय्यक केबल तिच्या जस्त ओतलेल्या खोबणीतून निसटली. ६ नोव्हेंबरला मुख्य केबल तुटली. १ डिसेंबरला थाळीच्या वर केबलांनी टांगलेला ९०० टनांचा मंच थाळीवर कोसळला. त्या दिवशी सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. खोबणीतून केबल सरकतेय हे आधी डोळ्यांना दिसत होतं, तेव्हा ही हळहळणारी मंडळी कुठे होती? उद्घाटनाचा फोटो सगळ्यांना हवा. खोबण तपासायच्या पगाराला मात्र पैसे नसतात!

असो. घरी सहा-आठ इंची डॉबसोनियन (आरशाची साधी, हाताने फिरवायची दुर्बीण) घेतलेले बरेच जण हे वाचत असतील. कृपा करून चष्म्याच्या फडक्याने आरसा पुसू नका. थोडी धूळ राहू द्या, तिने काही बिघडत नाही. फारच झाली तर आधी हातपंपाच्या ब्लोअरने उडवा. तरी निघाली नाही तर आरसा काढून कोमट पाण्याच्या धारेखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, ओल्या कापसाचा बोळा फक्त स्वतःच्या वजनाने फिरवायचा, प्रत्येक फेरीला नवा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा उभा तिरका ठेवून वाळू द्यायचा. पावसाळ्यात सिलिका जेल घालून झाकून ठेवा.

त्या मुलीच्या बाईंपर्यंत ही पोस्ट पोहोचली तर तिला एवढं सांगा. ईएलटीच्या ७९८ तुकड्यांत आकाराचे १३३ प्रकार आहेत, प्रत्येक प्रकाराचे सहा. म्हणून १३३ जादा तुकडे करून ठेवतात. दीड वर्षात सगळ्यांना नवी चांदी चढवायची तर रोज दीडेक तुकडा काढावा लागतो. काढला की त्याच प्रकारचा जादा तुकडा त्याच जागी बसवायचा, कडांवरच्या सेन्सरनी शेजाऱ्यांशी उंची नॅनोमीटरमध्ये जुळवायची, आणि रात्री ताऱ्याच्या प्रकाशावर पुन्हा तपासायची. काढलेला तुकडा पारानालला धुवायला जातो. आरशात भोक एकाही रात्री राहणार नाही.