ताई, तो राखाडी नाही, डस्टी ब्लूच आहे

ताई नमस्कार. 'हॉलला डस्टी ब्लू सांगितला होता, यांनी राखाडी फासला, वर चार दिवस उशीर. रंगाऱ्याला रंगच कळत नाही,' असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. त्रास झाला त्याबद्दल माफी मागतो. उशीर झाला हे खरंय. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात आमचे दोघं कारागीर फिरकलेच नाहीत. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता, तो राहिला.

पण 'राखाडी' मात्र मनाला लागलं.

मशीनवर शेड बनली की डब्यावर नंबरचं स्टिकर येतं आणि आम्ही झाकणावर त्याच रंगाचा बोटाएवढा ठिपका लावतो. तुमच्या डब्याचं झाकण मी ठेवलंय. हॉलला दुसरा हात मारायच्या आधी खिडकीजवळ दोन बाय दोनचा पॅच मारून दाखवला होता. सकाळचे अकरा वाजले होते. रंग ओला होता तेव्हा तुम्ही 'फिका वाटतोय' म्हणालात. वाळला की जरा गडद होतो, थांबा, असं मी म्हटलं. तासाभराने तुम्हीच 'हाच, हाच' म्हणालात. साहेबही तिथेच चहा घेत होते.

मग काम झाल्यावर तुम्ही पीओपीत पिवळे लाइट बसवलेत. आठ की दहा. डस्टी ब्लू म्हणजे निळ्यात मुळातच थोडा राखाडी मिसळलेला असतो, म्हणून तर तो डोळ्याला शांत वाटतो. पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, मग भिंतीतला निळा मरतो आणि मागे उरतो तो राखाडी. परवा मी झाकण घेऊन आलो होतो ते त्यासाठीच. खिडकीपाशी धरलं तर भिंत आणि झाकण एक. लाइट लावला तर दोन्ही राखेसारखे. हे तुम्ही पाहिलंत, ताई. तरी रिव्ह्यू तसाच राहिला.

(सोफ्यामागच्या भिंतीवर दिसणारा डाग मात्र आमचाच. पोराने उरलेल्या रंगात पाणी जास्त घालून टचअप केलाय. ती अख्खी भिंत परत मारून देतो, पैसे नकोत.)

माझे वडील चुन्यात नीळ घालून घरं रंगवायचे. तेव्हा शेडकार्ड नव्हतं. नीळ किती घालायची ते बादलीत हात बुडवून ठरायचं. त्या घरातल्या माणसाला 'रंग कळत नाही' म्हटलं की रात्री झोप लागत नाही. आणि खोटं कशाला बोलू, तुमचं वाचून जुळे सोलापूरच्या एका गिऱ्हाइकाने ठरलेलं काम थांबवलंय.

यापुढे पॅच रात्रीच्या लाइटमध्येही दाखवायचा, असं आम्ही ठरवलंय, बाकीही सुधारणा चालू आहेत. तुमच्या हॉलमध्ये दोन-तीन पांढरे बल्ब लावून बघा, ते मीच आणतो. रविवारी भिंत मारायला पोराला पाठवू का, तेवढं कळवा. झाकण काउंटरवरच आहे, नव्या पेठेत आलात तर दुकानाबाहेर उन्हात धरून बघा.