सतरा अंगठे

घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. मावसबहीण पुण्यात जिऑलॉजीच्या चौथ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणातला संशोधन प्रकल्प म्हणून तिला आंबेनळी घाटातले लाव्हाचे थर एकटीनं हिंडून नकाशावर घ्यायचेत. त्यावर काकांनी लिहिलं, "हल्ली सॅटेलाइटवर सगळं दिसतं. पोरीला घाटात कशाला पाठवायचं?" खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा.

तो अंगठा बघून माझं डोकंच फिरलं. गेल्या उन्हाळ्यात मी स्कॉटलंडच्या असिंट भागात पाच आठवडे हेच केलं, तेव्हा ह्याच ग्रुपवर माझा फोटो "आमची वाघीण" म्हणून फिरला होता. स्कॉटलंडचा डोंगर म्हणजे शिक्षण आणि आंबेनळी म्हणजे उनाडकी?

काका, सॅटेलाइटवर काय दिसतं ते ऐका. असिंटमधल्या इंचनडॅम्फ गावाच्या वरचे डोंगर लांबून नुसते पांढरे दिसतात. प्रत्यक्षात तिथे क्वार्टझाइट, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला दगड, दोन तऱ्हेचा आहे. खालचा साधा. वरच्यात उभ्या नळ्या, 50 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या वाळूत बिळं करणाऱ्या किड्यांच्या. वरून बघितलं तर त्या नळ्यांचे शर्टाच्या बटणाएवढे गोल ठिपके दिसतात. ह्या दोघांमधली रेघ मी दोन दिवस शोधत होते. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मी शिव्या देत दगडावर बसले, आणि दगड भिजल्यावर मांडीशेजारीच ठिपके उमटले. चुकीच्या बाजूला बसले होते! आधीची अर्धी रेघ खोडावी लागली.

बडे लोकही चुकलेत. एकोणिसाव्या शतकातला बडा भूशास्त्रज्ञ मर्चिसन तिथले वरचे खडक नवेच म्हणून हटून बसला होता. पीच, हॉर्न ह्या भूशास्त्रज्ञांनी आणि सरकारी भूगर्भ सर्व्हेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खा मुलूख पायी तुडवला, तेव्हा सिद्ध झालं की जुने खडक सरकत येऊन नव्यांच्या डोक्यावर बसलेत. त्यांचा ग्रंथ 1907 चा. आंबेनळीतही एक लाव्हा कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्याला नाक लावल्याशिवाय कळणार नाही. दरडी कोसळतात हे मान्य. मग पावसाळ्यानंतर जाऊ दे ना तिला.

स्कॉटलंडमध्ये डोंगरात हिंडायला कुणाची परवानगी लागत नाही, 2003 चा कायदाच आहे तसा. हे मी ग्रुपवर फार ऐटीत सांगितलं होतं. पाच आठवड्यांत एकाही माणसानं "कुणाची गं तू?" म्हणून विचारलं नाही. पहिले दोन आठवडे त्याचं कौतुक वाटलं. तिसऱ्यात पोस्टाची लाल गाडी दिसली की मी उगाच रस्त्याकडे उतरायचे. पोस्टमन हवेबद्दल एक वाक्य टाकून जायचा.

आणखी एक कबूल करते. दुसऱ्या वर्षाच्या लेक्चरला पडद्यावर डेक्कनच्या, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या थरांचा तक्ता आला. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि हे तिन्ही ज्या गटात येतात तो 'वाई'. आमची वाई! सर त्याला "वाय" म्हणाले. अठरा वर्षं मी त्या कातळाखाली वाढले. आंबेनळी म्हणजे एसटीत हमखास उलटी होण्याची जागा, एवढंच मला माहीत. सरांना सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं. नावापलीकडे त्यांनी काही विचारलं असतं तर?

हे सगळं मी काल ग्रुपवर लिहिलं. आणि वादाच्या भरात हेही लिहून गेले की फील्डवर आम्हीही तशा एकट्या नसायचो. चौघींनी मिळून कॉटेज घेतलं होतं. रोज सकाळी फ्रिजवरच्या कागदावर वाट लिहून निघायचं, सहापर्यंत कुणी परतली नाही तर बाकीच्यांनी शोधायचं, असा युनिव्हर्सिटीचा नियम. एकटीचा असायचा तो फक्त नकाशा. मावसबहिणीलाही एक सोबतीण मिळाली की झालं, असं मला म्हणायचं होतं.

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. रात्री आईचा वेगळा मेसेज आला. "चौघी होतात हे तेव्हा का नाही सांगितलंस? पाच आठवडे माझ्या डोळ्याला डोळा नव्हता."

निळ्या टिका पडल्यात. काय लिहू ते सुचलेलं नाही.