गोळी लागलेला माणूस मागे उडत नाही

सध्या सोलापुरातील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, ‘ढिशूम-ढिशूम’चा काळ संपला असून आताच्या गुन्हेगारीपटांतील गोळीबार आणि हाणामारी अगदी खरीखुरी असते. गोळी लागल्यावर माणूस असाच मागे फेकला जातो, सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही, खांद्यातील गोळी किरकोळ असते आणि डोक्यात नेमका फटका बसला की माणूस घटकाभर बेशुद्ध राहून पुन्हा ठणठणीत उठतो, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. मी याच शहरात अनेक वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे आणि गुन्हेगारीपट आवडीने पाहतो. यातील दोन विधाने तरुण मुलांच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मागे फेकले जाण्याचा हिशेब शाळेतील भौतिकशास्त्राने मांडता येतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे ८ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जाते. तिचा सगळा संवेग ७० किलो वजनाच्या माणसाला मिळाला, तरी त्याला सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर एवढाच वेग येईल. गोळीत माणूस उडवण्याची ताकद असती, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ती झाडणाराही उलट दिशेला उडाला असता. प्रत्यक्षात माणूस जागच्या जागी कोसळतो, किंवा काही काळ कोसळतही नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी येथे एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. तीत एका दरोडेखोराच्या दंडातून आरपार गेलेली गोळी छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली होती आणि ती जखम प्राणघातक होती. तरीही तो लढत राहिला, आणि त्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. पिस्तुलाचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाजवळ १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि सायलेन्सर त्यातून साधारण ३० डेसिबल कमी करतो. आपल्याकडे फटाक्यांना चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले तर उरलेला आवाज केवढा असेल याचा अंदाज येईल. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम जवळून ऐकलेल्या सोलापूरकराला अधिक सांगण्याची गरज नाही. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर हवेत होणारा तिचा कडाका सायलेन्सरने थांबत नाही.

खांद्याचे विधान मात्र मला अस्वस्थ करते. कॉलरबोनच्या खालून हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी जाते, तिच्या लगत संपूर्ण हाताच्या नसांचे जाळे असते आणि फुप्फुसाचे वरचे टोकही तिथवर आलेले असते. तिथे शिरलेली गोळी काही मिनिटांत रक्तस्रावाने जीव घेऊ शकते, आणि जीव वाचला तरी हात कायमचा लुळा पडू शकतो. रुमाल बांधून पाठलाग सुरू ठेवण्यासारखी ती जागा नाही.

आता ठोसे. नव्या चित्रपटांतील माणसे धापा टाकतात, अडखळतात, त्यांचे वार चुकतात, हे त्या मजकुरातील निरीक्षण योग्य आहे आणि ती सुधारणा मलाही मनापासून आवडते. परंतु त्या मारामारीत मारणाऱ्याचा हात कधीच मोडत नाही. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हातात २७ लहान-मोठी हाडे असतात आणि कवटीचे कपाळाकडील हाड त्यांच्यापेक्षा कितीतरी दणकट असते. हातमोजे न घालता मुठीने डोक्यावर मारल्यास करंगळीमागचे तळहाताचे हाड मोडण्याची शक्यता मोठी असते. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. तसे हात मी अनेकदा क्ष-किरणांखाली पाहिले आहेत आणि हात घेऊन येणारी मुले बहुधा ‘दारात अडकला’ असे सांगत. समोरच्याचा दात लागून बोटाच्या पेरावर पडलेली बारीक चीरही साधी नसते. तोंडातील जंतू थेट सांध्यात जाऊन काही दिवसांत तो नासवू शकतात. मुष्टियुद्धातील हातमोजे समोरच्याच्या डोक्यापेक्षा मारणाऱ्याच्या मुठीचे रक्षण अधिक करतात.

सर्वांत घातक विधान डोक्यावरील फटक्याचे आहे. मेंदूला साधा हिसका बसला असेल, तर बेशुद्धी बहुतेकदा काही सेकंद किंवा फार तर काही मिनिटे टिकते. अर्धा तास बेशुद्ध राहिलेला माणूस गंभीर जखमी असतो. कधी कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये धमनीतून रक्त साचू लागते. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो, घरीही जातो. आणि दाब वाढला की काही तासांनी गुंगीत जातो. घरच्यांना वाटते की तो दमून झोपला आहे. वेळेत सीटी स्कॅन होऊन शस्त्रक्रिया झाली, तर असे रुग्ण बहुधा वाचतात.