टाचांच्या भेगा आणि तो फिरता मेसेज

गेल्या महिन्याभरात चार जणांनी दुकानात येऊन मला एकच मेसेज दाखवला. शेवटचे आले ते मागच्या चाळीतले काका. मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाले, "यातलं ते क्रीम द्या." मेसेजचा सारांश असा: शुगर असणाऱ्यांनी पायाला साधं क्रीम लावणं धोक्याचं, 'डायबेटिक' छापलेलंच घ्यावं. आधी मिठाच्या कढत पाण्यात अर्धा तास पाय बुडवावेत, मग क्रीम बोटांच्या बेचक्यांपर्यंत जिरवावं. पंधरा दिवसांत भेगा भरतात, पायांना येणाऱ्या मुंग्याही जातात.

महागडी ट्यूब खपली तर फायदा माझाच आहे. तरी लिहितो.

साधं क्रीम धोक्याचं? मुळीच नाही. मधुमेहात नसा बिघडतात, त्यात घामाच्या ग्रंथी चालवणाऱ्या नसाही येतात. पावलांना घाम येईनासा होतो, कातडी सुकते, टाच फाटते आणि त्या भेगेतून जंतू आत जातात. म्हणून ओलावा धरून ठेवणारं काहीतरी रोज लागलं पाहिजे. ग्लिसरीन चालेल, पेट्रोलियम जेली चालेल. कोकणात भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) लावतात, तेही वरून थर धरून ओलावा उडू देत नाही. फक्त वडी गरम करून वितळलेले थेंब भेगेत सोडायची जुनी रीत बधिर पायावर नको.

'डायबेटिक' हा शब्द पुढच्या बाजूला असतो; तुम्ही ट्यूब उलटी करून मागचं वाचा. युरिया आहे का, किती टक्के? १० टक्क्यांच्या आसपास तो कातडीत पाणी धरतो, २०-२५ टक्क्यांना जाड, कडक थर सैल करतो. मधुमेहींवर झालेल्या छोट्या चाचण्यांत कोरडेपणा घालवण्यात युरियाची क्रीमं साध्यांपेक्षा सरस ठरली आहेत, तेव्हा चार पैसे जास्त द्यायचेच तर यासाठी द्या. उघड्या भेगेवर मात्र युरिया झोंबतो.

आता हिशेब, कारण खरी गोची तिथेच होते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पावलाला, वरून-खालून, अशा दोन रेघा. म्हणजे दोन्ही पावलांना दिवसाला २ ग्रॅम, महिन्याला ६०. तीस ग्रॅमची महाग ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. काकांची आधीची ट्यूब तीन महिने पुरली होती! जपून, ठिपक्याठिपक्याने लावलेल्या भारी क्रीमपेक्षा रोज पुरेसं लावलेलं स्वस्त क्रीम कधीही बरं. किंमत बघताना छापील भावाला ग्रॅमने भागा, ट्यूबचा आकार फसवतो.

कढत पाण्याबद्दल मला खरंच राग येतो. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, त्याला पाणी किती गरम आहे हे कसं कळणार? फोड आलेला दुसऱ्या दिवशी दिसतो. शिवाय अर्धा तास भिजलेली कातडी नंतर आणखी कोरडी पडते. कोमट पाण्याने धुवा (कोपर बुडवून बघा, पाय नव्हे), टिपून कोरडे करा आणि लगेच क्रीम लावा. वजरीने खसाखसा घासणं, ब्लेडने घट्टे तासणं, कुरुपाच्या पट्ट्या लावणं, हे घरी करू नका.

बेचक्यांत क्रीम नको. तिथे आधीच ओल राहते, वर क्रीम भरलं की चिखल्या होतात. टाच, तळवा, पावलाची वरची बाजू, एवढंच.

उरल्या मुंग्या. त्या नसांच्या, क्रीम कातडीचं. ओलावा आला म्हणून गेलेली जाणीव परत येत नाही. ती किती उरली आहे हे डॉक्टर १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बघतात. तपासणी दोन मिनिटांची आहे, वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

काकांना मी स्टुलावर बसवून वहाण काढायला सांगितली. उजव्या टाचेची भेग आतून लाल होती, कडेला ओल. "दुखत नाही हो," ते म्हणाले. म्हणूनच त्यांना क्रीम न देता आधी डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना पांढऱ्या सुती मोज्यांचा जोड दिला. गडद मोज्यावर रक्तापुवाचा डाग दिसत नाही.